पुरुमेंताची बरणी

आई बेतूलच्या वाळूवर बांगडे सुकवायची.
मीठ कमी पडलं की माशी बसते,
माशी बसली की दुसऱ्या दिवशी तांदळाच्या कण्या हलू लागतात,
एवढं जीवशास्त्र मी पाटी हातात धरण्याआधीच शिकले.

मडगावच्या बाजारात ती दुसऱ्या बायांचा माल उलटून बघे.
पोटाच्या फटीत तपकिरी किडा, केसाळ अळी,
टाकलेल्या काती नखाने सरकवत म्हणे,
"शिगम्या पयलींचो हो. ताजो म्हणून विकता."
विकणारीण पोराच्या गळ्याची शपथ घ्यायची.
"तूं फट मारशी. किडो मारचो ना."

आता मी बांबोळीला असते, शवागाराच्या मागच्या खोलीत.
बाटल्यांत बकऱ्याच्या काळजाच्या फोडी,
वर अळ्या,
बाहेर चिठ्ठीवर तास आणि तापमान.
संध्याकाळी हातांना लिंबू चोळते.
आई म्हणते, उगाच लिंबं नासतेस,
मला तुझ्या हाताला कधी वास आलाच नाही.

ऑक्टोबरात असोळण्याचं ते घर उघडलं.
मालक लिस्बनला. राखण करायला कामील फुर्ताद,
वय बहात्तर, जुना तारवटी,
कौलांखालच्या पलंगावर
उरला होता तेवढा.
शेजारीण म्हणाली, वास आला होता मध्ये,
आम्हाला वाटलं फणस कुजतोय.
हवालदार वेळीप उंबऱ्याबाहेर तपकीर ओढत राहिला.
पुतण्या एलियासही आत आला नाही.
बाहेरूनच सांगितलं: ऑगस्टात, कोणसांच्या फेस्ताला,
बाल्कांवात बसला होता, पायांना सूज होती.
पेन्शन सप्टेंबरपर्यंत उचललेली.

मी गुडघ्यांवर बसले.
गादीच्या शिवणीत माश्यांचे रिकामे कोष,
भाजलेल्या गव्हासारखे,
एका टोकाची टोपी उडालेले.
ती पंगत केव्हाच उठली होती.
आणि बरगड्यांच्या सावलीत तो,
पाठ तपकिरी, पोट पांढुरकं,
बाजारातला, आईच्या नखाखालचा.
चिमट्यात धरला तेव्हा
भाव विचारायचं तोंडावर आलं होतं.

हा उशिरा येतो, सगळं सुकल्यावर.
काती मोजल्या, खोलीचा दमट उष्मा धरला,
वहीत मांडलं: माश्या गेल्या, मग हा शिरला,
मग याची पोरं.
उत्तर जुलै आलं.
एलियास महिन्याभराने चुकत होता,
म्हाताऱ्याचा पुतण्या, चुकेलही.

निघताना स्वयंपाकघरात डोकावले.
फळीवर चिनीमातीची बरणी,
मेमध्ये भरून ठेवलेलं पुरुमेंत,
सुके बांगडे, सुंगटं,
ट्रॉलर बंद झाले की जूनपासून काढायचं.
तोंडाला जुन्या शर्टाचं फडकं, त्यावर सुतळी,
सुतळीला तारवट्याची गाठ.
ओढून पाहिली. हलेना.
कुणी सोडलीच नव्हती ती, एकदाही.
फडक्याला मात्र भोक होतं,
गोल, मुगाएवढं,
कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या.

म्हणजे तो रानातून वाट काढत आला नव्हता.
पहिल्यापासून घरातच राहत होता,
कामीलच्या बेगमीत.
एका भिंतीपलीकडे जायला
त्याला कितीसा वेळ लागणार?
मी जुलैवर काट मारली.
सुतळी गाठीपासून दूर कापली,
गाठ तशीच पिशवीत घातली,
आणि लिहिलं: मेअखेर, फार तर जूनचे पहिले दिवस.
वेळीपने वाचलं, पुन्हा वाचलं,
मग एलियासकडे पाहिलं.
एलियास बाल्कांवाच्या रिकाम्या बाकाकडे बघत होता.

घरी आईला बरणीचं सांगितलं.
बाकीचं नाही सांगितलं.
ती कोळंबी सोलत होती. हात थांबला नाही.
"मीठ उणें पडलें," म्हणाली.
थोड्या वेळाने,
"एकलोच दादलो. दाखोवपाक कोण ना आसलें."